पाठीवर नाव नसलेल्या तसबिरी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोर्ट लुईला एका कचेरीत कागद द्यायचा होता. तो देऊन झाला, बसला अवकाश होता, म्हणून आम्ही जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. ही आमची जुनी खोड आहे. घ्यायचे काही नसते. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली फ्रेंच घड्याळे, साखर कारखान्यातले पितळी काटे पाहायचे आणि रिकाम्या हाताने बाहेर पडायचे, एवढाच काय तो छंद.

त्या दिवशी मात्र दाराजवळच्या एका लाकडी खोक्यात जुन्या तसबिरी उभ्या लावून ठेवलेल्या दिसल्या. चाळता चाळता एका तसबिरीपाशी हात थांबला. आकार पोस्टकार्डाचा. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर कुठला तरी युरोपातला तलाव. पुढे लाकडी कठडा आणि त्यावर डावा हात टेकून उभी असलेली तिशीची एक बाई. नेसलेले नऊवारी, कासोटा घातलेला, कपाळावर आडवे कुंकू, नाकात टपोरी नथ. आपल्या या बेटावर साडी नेसणाऱ्या बाया पुष्कळ, पण ते नेसण आणि ती नथ पाहिल्यावर ही बाई कोणत्या समाजातली हे कोणा मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तसबीर प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि पिशवीवर फ्रेंचमध्ये चिठ्ठी होती : 'भारतीय स्त्री, नथीसह. १,५०० रुपये.'

आमच्या छातीत धस्स झाले, त्याचे कारण सांगितले पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी वाक्वाचे आमचे जुने घर पाडले. सिमेंटचे नवे बांधायचे होते. घर चुलतभावाच्या वाट्याचे, त्यामुळे सामानही त्याचे. जुना माल घेणारा एक इसम आला आणि कपाट, दोन कंदील व एक आल्बम असे एकत्र उचलून घेऊन गेला. काळ्या कागदाच्या पानांचा तो आल्बम लहानपणी आम्ही मांडीवर घेऊन पाहिलेला. आम्हांला कळले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. आम्ही चुलतभावावर खूप रागावलो. त्याने शांतपणे विचारले, "दादा, त्यात कोण कोण होते ते तुला तरी सांगता येईल काय?" आम्हांला सांगता येईना. चार चेहरे माहीत होते, बाकीचे तीस-पस्तीस नुसतेच चेहरे.

दुकानातल्या त्या तसबिरीच्या पाठीला काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेले होते. आमच्या पणजीला नथ होती, असे घरात ऐकलेले. आम्ही मनाशी ठरवूनच टाकले. दुकानदार म्हणाला, "ओळखता का हिला? नाव माहीत असेल तर सांगा, चिठ्ठीवर लिहितो." आम्ही मान हलवली आणि पंधराशे रुपये मोजले. आपलीच पणजी विकत घेताना घासाघीस कशी करणार?

पुढे त्या दुकानात आम्ही बरेचदा गेलो. राग निवल्यावर दुकानदाराशी चांगली ओळख झाली आणि या धंद्याची बरीच माहिती मिळाली. काही पुस्तके चाळली. ती माहिती वाचकांच्या घरातल्या पेट्या उघडताना उपयोगी पडेल, म्हणून हा प्रपंच.

जुन्या तसबिरींचा बाजार जगभर आहे. पॅरिसजवळ सँ-तुआँचा जुना बाजार, लंडनला शनिवारी भरणारा पोर्टोबेलो रोड, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, सगळीकडे खोकी भरून चेहरे मिळतात. त्यांत सर्वांत जास्त संख्या असते ती दोन प्रकारांची. पहिला 'कार्त द व्हिझीत', म्हणजे भेटकार्डाएवढी तसबीर. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्या कॅमेऱ्याला अनेक भिंगे असत आणि एकाच काचेवर आठ छबी उमटत. आठ छबी एका खर्चात पडल्यामुळे तसबीर स्वस्त झाली. तोवर फोटो म्हणजे श्रीमंताघरची मखमली डबीतली चांदीची पाटी. १८३९ चा दागेरोटाइप तो तसाच, एकुलता एक, आरशासारखा, हातात तिरपा धरल्यावाचून चेहरा दिसायचा नाही. दिस्देरीच्या युक्तीने कारकून, दुकानदार, शिपाईसुद्धा आपली तसबीर काढून डझनाने वाटू लागले. दुसरा प्रकार 'कॅबिनेट कार्ड', १८६६ च्या सुमारास आलेला, साधारण साडेसहा इंच उंच आणि सव्वाचार इंच रुंद. घराच्या कपाटावर मांडायचा.

या दोन्हींचे कागद बहुतांशी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे असत, हे ऐकून आमच्या घरची शाकाहारी मंडळी दचकली. बलकात मीठ मिसळून कागदाला लावीत, वर चांदीचा क्षार चढवीत आणि काचेखाली उन्हात छापीत. जर्मनीतील ड्रेसडेनच्या एकाच मोठ्या कारखान्याला १८८८ साली साठ लाखांच्या वर अंडी लागली. आजोबांच्या तसबिरीचा जो पिवळसर तपकिरी रंग आपल्याला 'जुना' वाटतो, तो काही अंशी त्या अंड्याचा पिवळेपणा आहे. पुढे १८८० नंतर जिलेटीनचे कागद आले. त्यांवरचे काळे भाग कडेला निळसर, चंदेरी चमकू लागतात. तिरप्या उजेडात धरले की पाऱ्यासारखी झाक दिसते. दुकानदार पहिल्याने तेच पाहतो.

साल ओळखण्याच्या त्याच्या खुणाही मोठ्या गमतीच्या. कार्ड पातळ आणि कोपरे चौकोनी, तर बहुधा १८६० ते ७० मधले. कोपरे गोल, तर त्यापुढचे. पुठ्ठा जाड, कडा तासून सोनेरी केलेल्या आणि पाठीवर स्टुडिओच्या नावाभोवती वेलबुट्टी, पदके व राजमुकुट, तर १८८० नंतरचे. उभ्या माणसाच्या टाचांमागे लोखंडी तिवईचे पाय डोकावत असले तर समजावे की मान स्थिर ठेवायला मागून चिमटा लावलेला आहे. तेव्हा फोटो निघायला काही सेकंद लागत. जुन्या लोकांच्या तसबिरीत कोणी हसत नाही, याचे एक कारण त्या चिमट्यात आहे. पोस्टकार्डाच्या पाठीवर मधोमध उभी रेघ असेल, एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर, तर ते १९०२ नंतरचे. ती पद्धत ब्रिटनने त्या वर्षी सुरू केली आणि मग इतर देशांनी उचलली. आमच्या नथवालीच्या पाठीवर ती रेघ होती.

आता किमतीचे गणित. हे ऐकून आम्ही चकित झालो. तसबीर किती जुनी यावर किंमत फारशी ठरतच नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, दाढीवाल्या अनोळखी गृहस्थाची कार्त द व्हिझीत लंडनच्या बाजारात एक-दोन कप चहाच्या पैशांत मिळते, कारण असे गृहस्थ लाखांनी आहेत. किंमत वाढते ती हातात काहीतरी असल्यावर : लोहाराचा हातोडा, शिंप्याची कात्री, मुलाचे खेळणे, शिपायाची तलवार. वेष निराळा असला की आणखी वाढते. आणि सर्वांत वाढते ती पाठीवर नाव, गाव व साल लिहिलेले असले तर. नाव म्हणजे त्या चेहऱ्यामागे उघडणारे दार. त्यावरून कागदपत्रे शोधता येतात, लग्न सापडते, जहाज सापडते, थडगे सापडते. म्हणून लबाड व्यापारी नावे खोटीही घालतात. जुन्या पुठ्ठ्यावर नवे छापील चित्र चिकटवण्याचाही उद्योग चालतो. भिंगातून पाहिल्यावर जर शाईचे बारीक ठिपके दिसले तर ती तसबीर नव्हे, छापखान्याचा माल आहे. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, छाया सलग असते.

नाव एवढे महाग, तरी व्यापारी स्वतःच ते कसे घालवतात पाहा. आम्ही दुकानदाराला विचारले की आल्बम होता तसा का ठेवला नाहीस? तो म्हणाला, अखंड आल्बमला एकच गिऱ्हाईक मिळते, तेही कधीतरी. सुटा केला की प्रत्येक तसबिरीला आपापले गिऱ्हाईक आहे. खलाशी जहाजे जमवणाऱ्याकडे जातो, नवरीमुलगी जुने पोशाख जमवणाऱ्याकडे, कुत्रा कुत्रे जमवणाऱ्याकडे. कुत्र्यांच्या जुन्या फोटोंचे खास संग्राहक आहेत, हे आम्हांला नवीन होते. पण आल्बमच्या पानावर शेजारी कोण, आधी कोण, नंतर कोण, हीच तर ओळख असते. डावीकडे नवरा, उजवीकडे सासू. पाने फाडली की ती नाती फाटली. आमच्या आल्बममधली बाकीची माणसे कुठे गेली असे विचारल्यावर त्याने खांदे उडवले. काही रियुनियनला गेली, काही एका युरोपियन पाहुण्याने नेली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विकले आम्हीच होते.

बिननावाच्या हिंदी माणसाला बाजारात मागणी आहे, आणि ती फार पूर्वीपासून आहे. आपले पूर्वज ज्या काळात मुंबई बंदरातून जहाजावर चढले, त्याच काळात त्याच मुंबईत फोटोग्राफीची धूम होती. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः उत्तम फोटो काढीत. हरिश्चंद्र चिंतामण यांचा तर स्टुडिओच होता. त्याच शहरात विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसे एका जागी उभी करून फोटो घ्यायचा आणि मागे दुसऱ्याच ठिकाणचे देऊळ किंवा घाट जोडून द्यायचा, अशी त्याची रीत. खाली जातीचे नाव छापलेले, माणसाचे नाही. आज ते खंड दुर्मिळ ग्रंथांत मोडतात.

गिरमिटाच्या देशांतही तेच झाले. त्रिनिदादला पोर्ट ऑफ स्पेन शहरी फेलिक्स मोरँ नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने मजूर बायांना दागिन्यांनी मढवून उभे केले आणि त्या तसबिरी प्रवाशांना विकल्या. अंगावर चांदीच्या हसळ्या, दंडात वाक्या, डोक्यावरून ओढणी. त्या आजही संग्राहक शोधत असतात. बाई कोण, कोणत्या मळ्यावर राबत होती, दागिने तिचे की स्टुडिओचे, हे त्या चित्रावर लिहिलेले नसते. विकत घेणाऱ्याला ते नकोच होते. त्याला 'भारतीय स्त्री' हवी होती. आमच्या नथवालीवरची चिठ्ठी त्याच शाळेतली.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. आपल्या बेटावर आपल्या लोकांच्या सर्वांत जुन्या तसबिरी कोणत्या? ज्या हौसेने काढल्या त्या नव्हेत. १८३४ पासून येथे गिरमिट्यांची जहाजे लागत होती. करार संपलेल्या 'जुन्या' मजुरांनी मळ्याबाहेर स्वतंत्र पोट भरू नये, पुन्हा करार करावा, अशी मळेवाल्यांची इच्छा. १८६७ च्या कायद्याने अशा प्रत्येकाला तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे झाले आणि त्या तिकिटावर त्याचा फोटो चिकटवला जाऊ लागला. पोलिसाने हटकले आणि तिकीट नसले की भटकेपणाचा गुन्हा. ते साल म्हणजे हिवतापाच्या भयंकर साथीचेही. माणसे मरत होती आणि जगलेल्यांना फोटोसाठी उभे करीत होते. हा जाच इतका वाढला की १८७१ मध्ये अदोल्फ द प्लेवित्झ यांनी अर्ज लिहिला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावे पडली, १८७२ मध्ये विलायतेहून शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला.

म्हणजे त्या तसबिरी माणसाला पकडण्यासाठी काढलेल्या. ना पडदा, ना कठडा, ना फुलदाणी. डोळे सरळ कॅमेऱ्यात, पुष्कळांच्या डोळ्यांत भीती, काहींच्या डोळ्यांत स्पष्ट राग. पण सरकारला माणूस पुन्हा सापडायला हवा होता, म्हणून सरकारने सारे काही नोंदले : क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज, आल्याची तारीख. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात ती दप्तरे आहेत. घराण्यातल्या माणसाने जन्मदाखल्यांची साखळी जुळवून अर्ज केला की पूर्वजाचा उतारा मिळतो आणि तसबीर असली तर तीही मिळते. सर्वांची नसते. मुंबईहून आलेल्या आपल्या लोकांपैकी पुष्कळजण हा कायदा होण्याआधी आलेले. त्यांतले जे तोवर जगले, वाचले व तिकिटाला पात्र ठरले त्यांचेच चेहरे सापडण्याची आशा. रत्नागिरीकडच्या एखाद्या गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले, त्यावरून मूळ गाव ओळखणे हा तर एक स्वतंत्र खेळ आहे.

ज्यांनी आपल्याला गुलामासारखे वागवले त्यांच्या कागदांत आपली नावे शाबूत राहिली. आणि पुढे आपण स्वतःच्या पैशाने, अंगावर नवे लुगडे घालून, हौसेने ज्या तसबिरी काढल्या, त्यांच्या पाठी कोऱ्या. घरातल्या घरात नाव कशाला लिहायचे? सगळ्यांना ठाऊकच आहे! असे प्रत्येक पिढीला वाटले.

त्या हौशी तसबिरीही फारशा उरल्या नाहीत. आपल्या हवेत दमट फार. कार्ड बुरशीने डागळते, पानांना वाळवी लागते. १९६० च्या फेब्रुवारीत कारोल चक्रीवादळ आले, १९७५ मध्ये जर्व्हेझ. पत्र्याची आणि गवती घरे उडाली, तिथे आल्बमचे काय? जे उरले त्याला माणसाने हातभार लावला. १९७०-८० च्या दशकांत चिकट पानांचे, वर पारदर्शक कागदाचे आल्बम निघाले. तेव्हा ते आधुनिक वाटत. त्यांच्या गोंदाने किती तसबिरी खाल्ल्या असतील! अशा आल्बममध्ये तसबीर असेल तर ती ओरबाडून काढू नये. पातळ दोरा मागून हळू हळू फिरवून सोडवावी. सुटलीच नाही तर पानासकट फोटो घेऊन ठेवावा. फाटलेल्या तसबिरीला चिकटपट्टी लावू नये. प्लास्टिकमध्ये गरम दाबून पक्की करून घेण्याचा मोह अनेकांना होतो, तो तर मुळीच नको. ती परत सुटत नाही. आणि नाव लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, पाठीच्या कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनाची शाई पुढे उमटते आणि दाबलेली रेघ चेहऱ्यावर वर येते. आमच्या संग्रहातल्या एका आजोबांच्या गालावर त्यांचेच नाव उलटे उमटले आहे.

असो. आता नथवालीकडे वळू.

तसबीर आणल्यावर आम्ही ती चौकटीत बसवून घेतली आणि पणजी म्हणून चार जणांना दाखवलीही. मुलांनी तिचे नाक आमच्यासारखे आहे असा निर्वाळा दिला. मग आत्याला दाखवायला नेली. आत्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. कान गेले, पण नजर आणि आठवण टिकून आहे. तिने चौकट खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांना भिडवून पाहिले.

"ही कोण म्हणतोस?"

"तुझी आजी ना? नथ बघ की."

"आयो! नथ काय बघू?" आत्या म्हणाली. "ती नथ आमची नव्हे नि कोणाचीच नव्हे. कोठीवर नथ एकच होती. ज्या घरी लगीन, त्या घरी ती जायची. कोण शहरात फोटो काढायला निघालं तरी रुमालात बांधून तीच न्यायचे. तुझ्याकडे नथवाल्या दहा बाया असतील, नथ ती एकच!"

आम्ही गप्प. पंधराशे रुपये आमच्या डोळ्यांपुढून गेले.

"आमची आजी बुटकी होती रे बाळा. ही उंच आहे. अन् ही करंगळी बघ." आत्याने काचेवर नखाने टकटक केले. कठड्यावर टेकलेल्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. इतके दिवस आम्ही ती तसबीर रोज पाहत होतो. नथ दिसली, करंगळी दिसली नव्हती. "उसाच्या कोयत्याने गेलेली. ही पलीकडच्या घरातली. आम्ही पोरं तिला मिरची आजी म्हणायचो. जीभ अशी तिखट! पण कोणाच्या घरी बाळंतपण असलं की पहिली हीच हजर."

"मग आमच्या आल्बमात कशी?"

"अरे, तेव्हा एकमेकींना फोटो द्यायच्या. तिनं आजीला दिला असेल. आजीचाही तिच्याकडे असेल कुठं."

खरे नाव मात्र तिला आठवेना. मिरची आजी, मिरची आजी, एवढेच. आम्ही हिरमुसून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टेलिफोन वाजला. आत्या ओरडत होती, "नाव आठवलं! रात्रभर झोपले नाय." तिने नाव सांगितले, नवऱ्याचे सांगितले, नातू क्वात्र बोर्नला कुठेसा राहतो तेही सांगितले.

त्या नातवाचे घर शोधायला दोन रविवार गेले. साठीचे गृहस्थ, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हांला दिवाणखान्यात बसवले. भिंतीवर सोनेरी चौकटीत मोकाहून आणलेली एक तसबीर होती : डोक्याला फडके गुंडाळलेला, गालफडे बसलेला एक माणूस, खाली क्रमांक. हा त्यांच्या आजीचा बाप. त्याचे गाव, जहाज, बापाचे नाव, सारे त्यांना पाठ होते. "आजीचे मात्र काही नाही," ते म्हणाले. "ती इथेच जन्मली. जहाजातून आली नाही, म्हणून त्या दप्तरांत नाही. एक फोटो होता म्हणतात, वादळात गेला. मी तिला पाहिले ते माझ्या चौथ्या-पाचव्या वर्षी. चेहरा आठवत नाही, ओरडणे आठवते."

आम्ही पिशवीतून चौकट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिले आणि लगेच काही ओळख पटल्याचे दिसले नाही. मग आम्ही करंगळी दाखवली. ते उठले, आतून पत्नीला हाक मारली, आणि तिला म्हणाले, "बघ. मी सांगायचो ना, अर्ध्या बोटाने कान पिळायची म्हणून. तुला खोटे वाटायचे."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी आमचा खर्च विचारला. आम्ही सांगितले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही चहा मागितला. चहा झाल्यावर त्यांनी आतून पत्र्याचा एक डबा आणला. त्यात सात-आठ तसबिरी होत्या, सर्व कोऱ्या पाठीच्या, कोणाच्या ते त्यांना ठाऊक नाही. एकीत एक बुटकी बाई स्टुडिओतल्या त्याच तलावाच्या पडद्यापुढे उभी होती. नाकात तीच नथ. आम्ही ती उसनी मागून घेतली. आत्याला दाखवायची आहे.

निघताना त्यांच्या नातीने आजीची तसबीर चौकटीतून काढून उलटी केली आणि टेबलावरचे निळे बॉलपेन उचलले. आम्ही ओरडलोच. मग साऱ्या घरात शिसपेन्सिलीचा शोध सुरू झाला. मास्तरांचे घर, पण पेन्सिल मिळेना. शेवटी धाकट्याच्या दप्तरात एक दाताने चावलेली सापडली. मुलीने काळ्या कागदाच्या तुकड्यांच्या मधली मोकळी जागा निवडली आणि हळूहळू नाव लिहिले, आधी रोमन लिपीत, मग खाली देवनागरीत, अडखळत. देवनागरीतली वेलांटी चुकली, तीही आजोबांनी राहू दिली. ते नाव त्या घराचे आहे, म्हणून येथे छापत नाही.